ब्रिटनमध्ये जुन्या जातीची कोंबडी शोधताना

ब्रिटनमध्ये घरामागच्या बागेत कोंबड्या पाळणाऱ्या मराठी कुटुंबांना आम्ही खुराडी आणि उबवणी यंत्रं पुरवतो. नेहमीच्या तांबड्या संकरित कोंबडीऐवजी एखादी जुनी जात सांभाळायची इच्छा असेल, तर यंत्र सुरू करण्याआधी हे पत्रक वाचा.

आधी नोंदणी. स्कॉटलंडमध्ये १ सप्टेंबर २०२४ पासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एकच कोंबडी असली तरी सरकारदरबारी नोंद सक्तीची आहे. ती फुकट होते. दुसरा नियम आपल्या घरांत हमखास मोडला जातो: स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं कोंबड्यांना घालायला इथे बंदी आहे. सवलत फक्त पूर्ण व्हीगन स्वयंपाकघराला. आपल्या शाकाहारी घरात दूध-तूप असतंच, त्यामुळे पोळीचा तुकडाही चालत नाही.

अनेकजण पहिल्यांदा कडकनाथ मागतात. उबवणीची अंडी पशुवैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय देशात आणता येत नाहीत. भारतातून येताना ती सामानात घालू नका. काळी कातडी, काळं मांसच हवं असेल तर सिल्की ही जात इथे सहज मिळते. आपल्याकडची असील इथे पाळणारे आहेत, पण तिची अंडी कमी आणि कोंबडे एकमेकांना रक्तबंबाळ करतात. प्रत्येकाला वेगळी जागा लागते. कॉर्नवॉलची ‘इंडियन गेम’ नावाने भारतीय. तिच्यात असीलचं रक्त आहे, जात मात्र इंग्लंडात घडलेली.

इथल्याच जुन्या जातींना पाळणाऱ्यांची खरी गरज आहे. आमचा कौल त्यांना.

या जाती दुकानात मिळत नाहीत. पाळणारे जानेवारी-फेब्रुवारीत कोंबडा-कोंबड्यांची जुळणी करतात, फलित अंडी मार्च ते मे मिळतात. तेव्हा विचारलंत तर नंबर लागणं अवघड. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच पोल्ट्री क्लब ऑफ ग्रेट ब्रिटन किंवा रेअर पोल्ट्री सोसायटीकडून पाळणाऱ्यांचे पत्ते घ्या. हिवाळी प्रदर्शनात जाऊन पक्षी डोळ्यांनी पाहा. लिलावात पक्षी स्वस्त पडतो, पण मायकोप्लाझ्मा हा श्वसनाचा संसर्ग झालेली कोंबडी बरी दिसली तरी जन्मभर रोग बाळगते. डोळ्याच्या कोपऱ्यात फेस किंवा शिंक दिसली, की हात लावू नका. नवा पक्षी तीन-चार आठवडे वेगळाच ठेवा.

नावावर नको, पाय आणि तुरा पाहून विश्वास ठेवा. लँकेशायरच्या मार्श डेझीचे पाय हिरवट, कानाची पाळी पांढरी, तुरा चपटा-दाणेदार आणि मागे एकच टोक. सफोकची इक्सवर्थ (१९३२) पूर्ण पांढरी, पायही पांढरे. पाय पिवळे असतील किंवा तुरा उभा करवतीसारखा असेल तर मिसळ झालेली आहे. स्कॉट्स डम्पी बुटक्या पायांची. बुटका कोंबडा बुटक्या कोंबडीवर सोडला तर सुमारे पाव पिल्लं टरफलातच मरतात, कारण बुटकेपणाचं जनुक दोन्हीकडून आलं की जीव तगत नाही. म्हणून लांब पायांची तलंग काढून टाकू नका; तिच्याशी जोड लावली तर ही मर टळते आणि निम्मी पिल्लं बुटकीच निघतात. कळप लहान असेल तर पुढच्या पिढीचा कोंबडा दुसऱ्या पाळणाऱ्याकडून घ्या.

हिशेब आधी मांडा. टपालाने आलेल्या बारा अंड्यांतून पाच-सहा पिल्लं मिळाली तर चांगलं झालं म्हणायचं, आणि त्यात निम्मे कोंबडे. शेजारी आरवणं सहन करणार नसतील तर क्रीम लेगबार ही जात घ्या: मादी पिल्लाच्या पाठीवर ठळक गडद पट्टा असतो, नर फिकट आणि डोक्यावर ठिपका, त्यामुळे पहिल्याच दिवशी निवड होते. अंडी निळसर.

अंडं सात दिवसांपेक्षा जुनं नको. पार्सल आल्यावर निमुळतं टोक खाली ठेवून खोलीत २४ तास राहू द्या, मग अंधारात बॅटरीच्या उजेडावर धरा. रुंद टोकाकडची हवेची पोकळी अंडं कलवताच बुडबुड्यासारखी सरकत असेल, तर टपालात धक्के बसले आहेत. असं अंडं उभंच लावा आणि पहिले तीन-चार दिवस फिरवू नका.

पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश तापमान, आर्द्रता ४५ ते ५० टक्के. अठराव्या दिवशी फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७०. त्यानंतर झाकण उघडू नका. बाहेरची कोरडी हवा शिरली की आतला पापुद्रा चामड्यासारखा आवळतो आणि पिल्लाला वळता येत नाही. खुडूक कोंबडी हाताशी असेल तर टपालाची अंडी तिच्याखालीच घाला. तिची ऊब यंत्रापेक्षा भरवशाची.

तेविसाव्या दिवशी न फुटलेली अंडी फोडून पाहा. आत नुसता बलक असेल तर बहुधा अंडं फलितच नव्हतं. रक्ताचं कडं असेल तर गर्भ पहिल्या आठवड्यात गेला. टपालातले धक्के किंवा तापमान तपासा. पूर्ण वाढलेलं पिल्लू मेलेलं असेल तर प्रथम आर्द्रतेचा दोष धरा. हे आकडे लिहून अंडी देणाऱ्यालाही कळवा. त्याच्या कोंबड्यात काही बिघाड असेल तर तो त्यालाही याच आकड्यांवरून कळतो.