पार्श्वभूमी : ‘तालीम’ घेतलेला नट

मुंबईत रंगभूमीवर आणि पडद्यावर सारख्याच सहजतेने वावरणाऱ्या एखाद्या नटाचा परिचय करून देताना ‘रीतसर तालीम घेतलेला’ असे म्हटले जाते. मात्र या शब्दाचा अर्थ गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत इतका बदलला आहे, की तो उलगडल्याशिवाय अशा नटाची कारकीर्द नीट कळत नाही.

१८८० साली पुण्यात संगीत नाटकाचा पाया घातला गेला आणि पुढची पन्नासेक वर्षे तालीम म्हणजे प्रथम गळ्याची तालीम राहिली. नाटकमंडळीतल्या मुलाकडून बुवा किंवा खाँसाहेब राग घोटवून घेत. त्याच मंडळीत ‘तालीममास्तर’ नाटक बसवी आणि त्या कामालाही तालीमच म्हणत. नटाच्या हाती केवळ त्याच्या भूमिकेची, हाताने उतरवलेली ‘नक्कल’ पडे. बाकीचे नाटक त्याला तालमीत बसून, इतरांचे ऐकूनच कळे. शिकणे आणि बसवणे यांना एकच शब्द होता, कारण ती दोन कामे वेगळी मानलेलीच नव्हती. पुढे तालीममास्तराच्या जागी दिग्दर्शक आला आणि तालीम म्हणजे निव्वळ प्रयोगापूर्वीचा सराव, एवढाच अर्थ उरला. हा बदल केवळ शब्दाचा आहे, असे मला वाटत नाही. तालीममास्तर नट घडवण्याची जबाबदारी घेई. दिग्दर्शक बहुधा नट घडलेलाच आहे असे धरून चालतो.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात पहिला भारतीय बोलपट लागला, पुढच्याच वर्षी मराठी बोलपटही आला. शेवटच्या रांगेपर्यंत माइकशिवाय आवाज पोहोचवणाऱ्या नटाला आता सामानाआड दडवलेल्या माइकपुढे, जागचे न हलता, बेताने गावे लागले. स्त्रीभूमिकांमुळे रसिकांचे दैवत झालेला एक गायक-नट १९३५ साली पडद्यावर संताच्या, म्हणजे पुरुषाच्या, भूमिकेत दिसला आणि लवकरच पुन्हा रंगभूमीकडे वळला. त्याच वर्षापासून हिंदी चित्रपटांत पार्श्वगायन सुरू झाले, आणि गळ्याची तालीम नटाला आवश्यक उरली नाही.

ही पोकळी पुढे ‘प्रशिक्षण’ या नव्या शब्दाने भरली. १९५९ साली दिल्लीत राष्ट्रीय पातळीवरचे नाट्यशिक्षण सुरू झाले आणि तिथून मुंबईत आलेले नट उच्चार, देहबोली आणि संहितेचे वाचन ही शिदोरी घेऊन आले. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जी प्रायोगिक नाटके झाली, त्यांतल्या अनेक नटांनी मात्र कोणतेही विद्यालय पाहिले नव्हते. त्यांचे प्रशिक्षण तालमीतच झाले. समांतर चित्रपटाला या दोन्ही वाटांनी नट मिळाले, ही गोष्ट पदव्यांच्या चर्चेत नेहमी मागे पडते.

मालिकांचे दिवस आल्यापासून तालमीची वेळच आक्रसली आहे. दिवसभर गोरेगावला शूटिंग करून नट रात्री दादर-माटुंग्याला पोहोचतो. बाके भिंतीला लावलेल्या शाळेच्या वर्गात, फरशीवर खडूने आखलेल्या दारातून ‘प्रवेश’ करतो. शुभारंभाची तारीख आधीच ठरलेली असते, त्यामुळे वाचनाचे दिवस सर्वांत आधी कापले जातात. आता नक्कल नाही, संपूर्ण संहिता मोबाइलवर येते. सहनटाचे वाक्य मात्र अनेकदा प्रयोग तोंडावर आल्यावरच पहिल्यांदा कानावर पडते.