पानगळीच्या रंगांचा हंगाम (पर्वतीय प्रदेशातील)

समशीतोष्ण प्रदेशातल्या डोंगरांवर हिवाळ्याच्या तोंडावर पानझडी झाडांची पाने पिवळी, नारिंगी किंवा लाल होऊन गळतात, तो काळ. उत्तर गोलार्धात तो साधारण सप्टेंबर ते मध्य नोव्हेंबर, तर दक्षिण गोलार्धात एप्रिल-मे असा असतो. सागासारख्या उष्ण प्रदेशातील झाडांची पानगळ कोरड्या ऋतूत, पाणी कमी पडल्यामुळे होते, ती वेगळी. एका उतारावरचा रंगांचा ऐन भर जेमतेम आठवडा, फार तर दहा दिवस टिकतो आणि मुक्कामाचे आरक्षण मात्र दोन-तीन महिने आधी करावे लागते. सहलीची वेळ साधणे अवघड होते ते यामुळेच.

रंग कसे येतात

दिवस लहान होऊ लागले की पानात नवे हरितद्रव्य बनणे मंदावते आणि असलेले मोडू लागते. पिवळी-केशरी रंगद्रव्ये (कॅरोटिनॉइडे) पानात आधीपासूनच असतात. हिरवा पडदा सरला की ती दिसतात. लाल रंग देणारे अँथोसायनिन मात्र बहुतेक झाडांत याच दिवसांत, पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून नव्याने तयार होते आणि त्याला ऊन लागते. मेपलच्या पानावर दुसरे पान टेकलेले असेल तर वरचे बाजूला सारून पाहावे: झाकलेला भाग पिवळा, उघडा भाग लाल, मध्ये सावलीची रेघ.

म्हणून पिवळा रंग दरवर्षी बराचसा भरवशाचा, लाल हवामानाच्या मर्जीवरचा. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारठा, पण पारा शून्याच्या वर, असे काही दिवस सलग मिळाले तर लाल खुलतो. ढगाळ आणि उबदार शरदात तो मळकट राहतो.

तारीख नव्हे, उंची

हवेचे तापमान दर हजार मीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. त्यामुळे रंग शिखराकडून सुरू होऊन खाली सरकत जातो. जपानमधील तातेयामा डोंगरवाटेवर हा प्रवास एकाच मार्गाने पाहता येतो. २,४५० मीटरवरील मुरोदो येथे रंग सप्टेंबरच्या उत्तरार्धात भरतो, ९७७ मीटरवरील बिजोदाइरा येथे ऑक्टोबरअखेरीस आणि पायथ्याच्या ४७५ मीटरवरील तातेयामा स्थानकाजवळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला. सुमारे दोन हजार मीटर उतरायला सहा आठवडे, म्हणजे दिवसाला ढोबळमानाने ५० मीटर. हा आकडा सगळ्या डोंगरांना जसाच्या तसा लागू नाही, पण अंदाजाला पुरतो.

व्यवहारात याचा अर्थ असा की, अचूक तारीख शोधत बसण्यापेक्षा तासा-दीड तासाच्या प्रवासात किमान ८०० ते १,००० मीटरचा चढउतार मिळेल अशी जागा निवडावी आणि मुक्काम मधल्या उंचीवर ठेवावा. रंग उशिरा आला तर वर जाता येते, लवकर आला तर खाली. शिखराजवळच मुक्काम केलेल्याला उशिराच्या वर्षी जायला जागाच उरत नाही.

उंचीचा नियम दोन ठिकाणी फसतो. शांत, निरभ्र रात्री थंड हवा उतारावरून ओघळून दरीच्या तळाशी साचते. अशा दऱ्यांत तळाची झाडे मधल्या उतारापेक्षा आधी रंगतात. दुसरे कारण झाडांच्या जाती. बर्च आणि अ‍ॅस्पेन लवकर पालटतात, ओक सगळ्यात मागून. कोलोराडोत अ‍ॅस्पेनचा भर साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतो, काश्मीर खोऱ्यातला चिनार ऑक्टोबरअखेर ते मध्य नोव्हेंबर. अ‍ॅस्पेन एकाच मुळापासून अनेक खोडे फुटून वाढतो (यूटामधील ‘पांडो’ हा असा समूह सुमारे ४३ हेक्टरवर पसरला आहे). एक समूह एकदम पालटतो, शेजारचा हिरवाच असतो. त्यामुळे एकाच उतारावर ठिगळे दिसली म्हणून हंगाम संपला असे समजू नये.

काय बिघडते

कडक दहिवर पडले, पारा शून्याखाली बराच उतरला, की पेशी मरतात आणि पान रंग न घेता तपकिरी होते. उन्हाळ्यात पाऊस नसेल तर पाने वेळेआधीच करपून गळतात. मात्र सगळ्यात जास्त सहली वाऱ्यामुळे वाया जातात. देठ जिथे फांदीला जोडलेला असतो तिथे पेशींचा कमकुवत थर तयार होतो. तो पूर्ण झाला की एका वादळी रात्रीत डोंगर उघडा पडतो. झाडाजवळ उभे असाल तर पान बोटांत धरून हलके खाली ओढावे. तटकन तुटले, देठाला ओलसर हिरवी जखम दिसली, तर अजून दिवस आहेत. ओढ न जाणवता हातात आले तर पुढच्या वाऱ्याची वाट पाहू नये.

अंदाज कसा वाचावा

‘भर’ जाहीर होण्याची वाट पाहणारा बहुधा उशिरा पोहोचतो. बातमी येते तेव्हा दोन-तीन दिवस गेलेले असतात. ‘निम्म्याहून जास्त रंगले’ असे कळले की निघावे. त्या ठिकाणचे थेट कॅमेरे आणि सेंटिनेल-२ या उपग्रहांची मोफत छायाचित्रे (ढग नसतील तर साधारण पाच दिवसांनी नवे) हे पोस्टरवजा नकाशांपेक्षा जास्त विश्वासाचे. गेल्या वर्षांचे फोटो पाहताना काढल्याची तारीख पाहावी, टाकल्याची नव्हे.

उंचावरच्या लार्चसाठी हिशेब आणखी काटेकोर लागतो. सूचिपर्णी असूनही तो सुया गाळतो. कॅनडातील मोरेन सरोवरावरच्या लार्च दरीत सोनेरी काळ सप्टेंबरच्या उत्तरार्धातला, आणि तिथे जाणारा रस्ता २०२३ पासून खासगी गाड्यांना बंद आहे. बसची जागा आधीच धरावी लागते. खिंडींतले रस्ते पहिल्या मोठ्या हिमवर्षावानंतर अचानक बंद होतात. ऑक्टोबरात अरुंद दरीतला सूर्य चार वाजण्याआधीच कड्याआड जातो, म्हणून पूर्वेकडे तोंड असलेले उतार दुपारपूर्वी पाहून घ्यावेत. ऊन झाडांमागून येत असेल तर पाने आतून पेटल्यासारखी दिसतात. ढगाळ दिवशी, विशेषतः पाऊस नुकताच थांबलेला असताना, लाल रंग जास्त गडद भासतो.