राउटरवरचा व्हीपीएन: क्लायंट वेगळा, सर्व्हर वेगळा

मेश राउटरच्या (घरभर वायफाय पोहोचवणाऱ्या अनेक युनिटच्या संचाच्या) ॲपमध्ये व्हीपीएनचं, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) बोगद्याचं, पान उघडलं की अनेक मॉडेल्समध्ये दोन पर्याय शेजारी शेजारी दिसतात: व्हीपीएन क्लायंट आणि व्हीपीएन सर्व्हर. दोन्हींत वायरगार्ड, ओपनव्हीपीएन ही बोगदा बांधण्याच्या पद्धतींचीच नावं, दोन्हींत सेटिंगच्या फायली. कामं मात्र उलट दिशेची. क्लायंट तुमच्या घरातली इंटरनेटची सगळी वाहतूक दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरकडे नेतो. सर्व्हर घराबाहेर असलेल्या तुम्हाला घरच्या नेटवर्कमध्ये आणून सोडतो.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये किंवा खारघरच्या थ्री बीएचकेमध्ये काँक्रीटच्या भिंतींमुळे मेश घेतलेलं असतं, आणि मग प्रश्न येतो: "गणपतीला चिपळूणला गेल्यावर इथले कॅमेरे बघायचे आहेत, कुठला व्हीपीएन विकत घेऊ?" कुठलाच नाही. महिन्याच्या वर्गणीवर मिळतो तो क्लायंटसाठीचा व्हीपीएन. त्याचा तुमच्या घरात शिरण्याशी संबंध नाही. इथे हवा तो सर्व्हर, आणि तो राउटरमध्ये असेल तर फुकट आहे.

आधी क्लायंट उरकतो. यात मेशचं मुख्य युनिट व्हीपीएन कंपनीचं गिऱ्हाईक बनतं. बाकीच्या युनिटवर काही करावं लागत नाही. ज्या टीव्हीवर व्हीपीएनचं ॲप टाकता येत नाही त्याचीही वाहतूक बोगद्यातून जाते, हा खरा फायदा. खाजगीपणाचा फायदा जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. बँकेची आणि बहुतेक सगळ्या साइट्सची देवाणघेवाण आधीच एन्क्रिप्टेड असते. कोणत्या साइटवर जाता हे ब्रॉडबँडवाल्याऐवजी व्हीपीएन कंपनीला दिसतं, इतकाच फरक.

त्यात भारतातली एक अडचण. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढून व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते, त्यांना दिलेले आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) असा तपशील ५ वर्षं जपून ठेवायला सांगितलं. त्यावर एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. यादीत 'भारत' निवडलात तरी यंत्र सिंगापूरमध्ये असू शकतं, म्हणजे ठाण्याहून मुंबईच्या सर्व्हरकडे जाणारी माहिती समुद्र ओलांडून परत येते. दुसरा देश निवडलात तर बँकेचं ॲप हरकत घेतं आणि ओटीटीवर मालिका "तुमच्या भागात उपलब्ध नाही" म्हणते. घरातल्या आजींना यातलं काही समजावत बसण्यापेक्षा व्हीपीएन कोणत्या उपकरणांना लावायचा ते राउटरमध्ये ठरवा. चांगल्या मॉडेल्समध्ये तशी निवड असते.

ऑफिसचा लॅपटॉप तर त्या यादीत नकोच. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर कंपनीचा स्वतःचा व्हीपीएन असतो. तो घरच्या व्हीपीएनच्या पोटातून गेला की बोगद्यात बोगदा होतो, माहितीच्या प्रत्येक पॅकेटमधली जागा कमी पडते आणि मीटिंग अडखळते. शिवाय कालपर्यंत ठाण्यातून लॉगिन करणारा कर्मचारी आज सिंगापूरहून उगवला, तर आयटीवाले खातं बंद करून मगच फोन करतील.

वेगाचंही बघा. एन्क्रिप्शनचं ओझं राउटरच्या प्रोसेसरवर पडतं, आणि घरगुती राउटरचा प्रोसेसर बेताचाच असतो. ओपनव्हीपीएनवर वेग चांगलाच ढासळतो. वायरगार्ड हलकं आहे, २०२० मध्ये ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच (आवृत्ती ५.६) आलं. दोन्ही असतील तर वायरगार्ड घ्या. पीपीटीपी ही जुनी पद्धत दिसली तर हात लावू नका, त्याची सुरक्षा कधीच मोडीत निघाली आहे.

आता सर्व्हर. ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेकांच्या उपयोगाचा हाच, आणि अडतोही इथेच. कल्पना साधी आहे: घरचा राउटर एका पोर्टवर, म्हणजे कनेक्शन आत घेणाऱ्या क्रमांकाच्या दारावर, कान लावून बसतो (वायरगार्डसाठी सहसा यूडीपी ५१८२०, ओपनव्हीपीएनसाठी ११९४), तुमच्या फोनवरचं वायरगार्ड ॲप आपली किल्ली दाखवतं, आणि फोन जणू हॉलमध्येच असल्यासारखा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र), हार्ड डिस्क, प्रिंटर सगळ्यांशी बोलतो. वेग मिळतो तो तुमच्या घरच्या अपलोडइतका.

डीव्हीआरचं पोर्ट सरळ इंटरनेटला उघडून देणारे कॅमेरेवाले आजही भेटतात. असं करू देऊ नका. २०१६ च्या मिराय बॉटनेटने असेच फॅक्टरीचा पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. व्हीपीएन सर्व्हर लावला की डीव्हीआर बाहेर दिसतच नाही.

पण हे चालायला तुमच्या घराला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता हवा, आणि तो बऱ्याच जणांकडे नसतो. आयपीव्ही४ चे पत्ते अपुरे पडल्यामुळे अनेक ब्रॉडबँडवाले एकच सार्वजनिक पत्ता कित्येक घरांत वाटतात. याला सीजीनॅट म्हणतात. सोसायटीचा पत्ता आहे पण फ्लॅट नंबर नाही अशा पार्सलचं जे होतं तेच बाहेरून येणाऱ्या कनेक्शनचं होतं: गेटवरूनच परत. राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी आतल्या यंत्राकडे वळवणं) करा, ती मागणी राउटरपर्यंत पोहोचतच नाही. लोक याचं खापर राउटरवर फोडतात.

म्हणून काही विकत घ्यायच्या आधी एक गोष्ट तपासा. राउटरच्या ॲपमध्ये 'वॅन आयपी' किंवा 'इंटरनेट आयपी' काय दाखवतो ते बघा आणि ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवर काय येतं ते बघा. दोन्ही सारखे असतील तर पत्ता तुमचा. राउटरमध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचं काही दिसलं तर सीजीनॅट. पत्त्यांचा हा पट्टा २०१२ पासून त्याच कामासाठी राखलेला आहे.

राउटरमध्ये १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसला तर पहिली गाठ तुमच्याच घरात आहे. फायबरवाल्याने भिंतीवर लावलेला डबा स्वतःच राउटर असतो आणि त्याच्या मागे मेश दुसरा राउटर. डब्याला ब्रिज मोडवर (राउटर नव्हे, नुसता पूल) टाकायला सांगा, म्हणजे पत्ता थेट मेशला मिळेल. तसं करत नसतील तर डब्यातून ते एक पोर्ट मेशकडे फॉरवर्ड करा. यातली कोणतीही गोष्ट करायच्या आधी डब्याचाही वॅन आयपी वरच्यासारखाच ताडून बघा, कारण त्याच्या पलीकडे सीजीनॅट असू शकतंच. आणि दोन राउटरची भानगड मिटवायला कुणी मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर (नुसतं वायफाय पसरवायला) टाकलं असेल, तर व्हीपीएनचं पान ॲपमधून गायब झालेलं असेल. त्या मोडमध्ये मेश राउटर उरतच नाही.

सीजीनॅट निघालं तर सरळ उपाय म्हणजे ब्रॉडबँडवाल्याकडून जादा पैसे देऊन स्टॅटिक आयपी घेणं. पत्ता सार्वजनिक असूनही बदलत राहत असेल तर डीडीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सेवा) पुरतं, अनेक मेशमध्ये ते असतं. स्टॅटिक आयपी मिळत नसेल तर राउटरचा नाद सोडा आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर टेलस्केल ही व्हीपीएन सेवा टाका. तेही आतून वायरगार्डच वापरतं, पण घरातलं यंत्र स्वतःहून बाहेर कनेक्शन करतं, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. त्या यंत्रावर सबनेट राउटरची (घरातल्या बाकी उपकरणांपर्यंत पोहोचवणारी) सोय चालू केली की डीव्हीआरही दिसतो. खरं तर अर्ध्या लोकांना मी थेट हेच सुचवेन.

सर्व्हर लागला तरी एक चकवा उरतो. टीपी-लिंकचं डेको हे मेश मूळ सेटिंगमध्ये घरातल्या उपकरणांना १९२.१६८.६८ चा पत्त्यांचा पट्टा वाटतं. ठाण्यात डेको आणि चिपळूणच्या घरीही डेको असेल, तर फोन डीव्हीआर चिपळूणातच शोधत बसतो आणि बोगदा जोडलेला असूनही काही उघडत नाही. एका घरचा पट्टा बदला, शक्यतो ठाण्याचा. १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ टाळा, ते तर जागोजागी असतात.

खोक्यावर 'व्हीपीएन पासथ्रू' एवढंच छापलं असेल तर त्यात क्लायंटही नाही आणि सर्व्हरही नाही. आतल्या लॅपटॉपचा व्हीपीएन राउटर अडवणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. गुगल नेस्ट वायफायसारख्या काही मेशमध्ये राउटरवर व्हीपीएन लावायची सोयच नाही, तेव्हा दुकानात मॉडेलच्या तपशिलात 'व्हीपीएन सर्व्हर' हे दोन शब्द शोधा.

चाचणी घरच्या वायफायवरून घेऊ नका, आतून आत आलेलं कनेक्शन काहीच सिद्ध करत नाही. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर वायरगार्ड जोडा आणि डीव्हीआरचा घरातला पत्ता उघडा. कॅमेरे दिसले की गावाला निघायला हरकत नाही, फक्त डबा, मेशचं मुख्य युनिट आणि डीव्हीआर इन्व्हर्टरवर आहेत ना ते बघा.