एकाच घटनेत राष्ट्रधर्म आणि धर्मनिरपेक्षता

बांगलादेशच्या घटनेतून ‘धर्मनिरपेक्षता’ वगळा, अशी शिफारस तिथल्या घटना सुधारणा आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये केली. इस्लामच्या राष्ट्रधर्म (राज्याचा अधिकृत धर्म) या दर्जाला मात्र हात लावला नाही.

बंगालीतही शब्द तोच, धर्मनिरपेक्षता. आपल्या उद्देशिकेत तो १९७६ ला आला, त्यांच्याकडे १९७२ मध्येच चार मूलतत्त्वांत होता. कलम १२ ने अर्थही बांधून दिला होता: राज्याने कोणत्याही धर्माला राजकीय दर्जा द्यायचा नाही. १९७७ मध्ये लष्करी राजवटीने ते कलमच उडवलं, प्रस्तावनेच्या डोक्यावर ‘बिस्मिल्लाह’ लिहिलं आणि १९७९ च्या पाचव्या दुरुस्तीने या फर्मानांना कवच दिलं. १९८८ मध्ये पुढच्या लष्करशहाने आठव्या दुरुस्तीतून इस्लामला राष्ट्रधर्म केलं. त्याच दुरुस्तीतली ढाक्याबाहेरची उच्च न्यायालयाची खंडपीठं १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. राष्ट्रधर्म तेवढा राहिला.

चक्र उलटं फिरलं ते एका थिएटरमुळे. जुन्या ढाक्यातलं ‘मून सिनेमा’ मुक्तियुद्धानंतर बेवारस मालमत्ता ठरवून सरकारने ताब्यात घेतलं होतं. मालक कंपनी कोर्टात जिंकली, तर लष्करी फर्मानाने निकालच निकामी केला. मग कंपनीने थेट पाचव्या दुरुस्तीलाच आव्हान दिलं. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती अवैध ठरवली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निकाल बहुतांशी उचलून धरला. कंपनी मागत होती आपली इमारत. देशाला परत मिळाली धर्मनिरपेक्षता.

ती पण अर्धीच. २०११ च्या पंधराव्या दुरुस्तीने कलम १२ परत आणलं, पण राष्ट्रधर्माचं कलम २क काढलं नाही. हिंदू, बौद्ध, ख्रिश्चन व इतर धर्मांना समान दर्जा व समान हक्क, एवढी पुस्ती जोडली. म्हणजे एक कलम धर्माला राजकीय दर्जा द्यायला मनाई करतं आणि दुसरं तोच देतं. सत्ताधाऱ्यांनी याला समतोल म्हटलं. खरं तर ती मतांची बेरीज होती.

राष्ट्रधर्माविरुद्ध १५ नागरिकांनी १९८८ मध्येच याचिका केली होती. ती २०१६ मध्ये निकाली निघाली, फेटाळून. सविस्तर निकालपत्र यायला २०२४ उजाडलं. त्यात म्हटलं होतं की राष्ट्रधर्मामुळे घटनेच्या मूळ चौकटीला धक्का लागत नाही.