खानदेशातील त्वचा व केसांची निगा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत, म्हणजे तापी-गिरणा-पांझरेच्या खोऱ्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याला, घरोघरी चालत आलेली तेल लावण्याची, उटण्या-लेपाची आणि शिकेकाई-रिठ्याने न्हाण्याची रीत. तिचा मोठा भाग आयुर्वेदातील दिनचर्या व ऋतुचर्या यांच्याशी जुळतो. काही भाग, विशेषतः सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांकडचा, ग्रंथांबाहेरचा आणि स्वतःच्या पायावर उभा आहे. या रीतीला सौंदर्यप्रसाधन म्हटले की तिचे निम्मे कारण हरवते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या वर जातो आणि थंडीच्या लाटेत धुळ्याला तो 5-6 अंशांपर्यंत उतरतो. एवढा हेलकावा सोसून शेतात राबणाऱ्या माणसाची कातडी शाबूत ठेवणे, हे तिचे पहिले काम.

आयुर्वेदाच्या भाषेत हा सगळा कारभार रूक्षतेचा आहे. ऊन, वारा, धूळ आणि श्रम यांनी वात वाढतो, त्वचा कोरडी पडते, केस राठ होतात; त्यावर उतारा स्निग्धतेचा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात त्वचेचे सात थर सांगितले आहेत (चरकाच्या मते सहा) आणि ते कसे तयार होतात हे सांगताना तापत्या दुधावर धरणाऱ्या सायीचा दृष्टान्त दिला आहे. त्वचेचा वर्ण व कांती राखणारे ते भ्राजक पित्त. केसांना चरकाने अस्थिधातूचा मल मानले, म्हणजे हाडांच्या पोषणातून मागे उरणारा भाग. त्यामुळे केस गळू लागले की जाणता वैद्य तेलाच्या बाटलीआधी ताटाकडे पाहतो. बाजरीची किंवा ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, तिळाची चटणी, पालेभाजी हे जुने खानदेशी जेवण केसांच्या कामाचे आहे. रक्त कमी असलेल्या बाईचे गळणारे केस नुसत्या तेलाने थांबत नाहीत.

तेल

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात रोज डोक्याला तेल घालण्याचे गुण दिले आहेत : डोकेदुखी होत नाही, टक्कल पडत नाही, केस अकाली पिकत नाहीत व गळत नाहीत. यातील टकलाचे आश्वासन आज शब्दशः घेऊ नये. आनुवंशिक टक्कल तेलाने थांबत नाही. पण त्याच अध्यायात अंगाच्या अभ्यंगासाठी दिलेले तीन दृष्टान्त खानदेशच्या मागच्या पिढीला समजावून सांगण्याची गरज पडली नसती. तेल मुरलेले मडके, तेल चोळलेले चामडे आणि वंगण घातलेला गाडीचा आस जसे चिवट होतात, घर्षण सोसतात, तसे शरीर तेलाने दणकट होते. विहिरीवर मोट होती तोवर तिच्या चामड्याला तेल पाजावे लागे, आणि बैलगाडीच्या आसाला वंगण दिल्याशिवाय कपाशीची गाडी बाजाराला निघत नसे. जे चामड्याला आणि आसाला कळते ते टाचेला आणि खांद्यालाही कळते, इतका तो साधा हिशेब आहे.

तेलांत पहिला मान तिळाचा. तैल हा शब्दच तिळावरून आला. नारळ या मुलखाचे पीक नाही, त्यामुळे खोबरेल दुकानातून यायचे आणि तीळ, भुईमूग, करडई घाण्यावर गाळून घरी. तीळतेल उष्ण आणि खोबरेल शीत मानले जाते. म्हणून थंडीत अंगाला तिळाचे आणि वैशाखात डोक्याला खोबरेल, ही वाटणी आयुर्वेदाला धरूनच आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात डोके, कान आणि तळपाय या तीन ठिकाणी विशेष करून तेल लावायला सांगितले आहे. कफाचा त्रास, अजीर्ण किंवा नुकतेच झालेले पंचकर्म असेल तर अभ्यंग टाळावा, हेही तिथेच आहे. ही दुसरी ओळ फारशी कोणी सांगत नाही. सर्दीने फुरफुरणाऱ्या बाळालाही नेमाने तेल चोळून न्हाऊ घातले जाते, ते थांबवायला हवे.

केसांसाठीचे खास तेल माक्याचे. माका, संस्कृतात भृंगराज, ओल धरून वाढतो : पाटाच्या कडेला, विहिरीच्या थारोळ्याशी, पांझरेवरच्या जुन्या फड बागायतीच्या (बंधाऱ्यातून पाटाने सामाईक पाणी घेणाऱ्या शेतीच्या) चाऱ्यांलगत. पाने लांबट व खरखरीत, फुले बारीक पांढरी. ओळख पटवायची तर पान दोन बोटांत चुरडावे. हिरवा रस पाहता पाहता काळपट होतो आणि बोटांवर डाग राहतो. तेल करण्याचे शास्त्रीय प्रमाण कल्क (वाटलेल्या वनस्पतीचा गोळा) 1, तेल 4 आणि द्रव 16 असे आहे. घरच्या हिशेबात सुमारे 60 ग्रॅम वाटलेला पाला, पाव लिटर तीळतेल आणि एक लिटर माक्याचा रस. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हे तासन्‌तास चढवून ठेवतात. आधी रस रटरटतो, मग पाणी आटत जाते आणि तळाशी कल्क चिकटू लागतो. इथून उलथने थांबवायचे नाही. कल्काचा चिमूटभर गोळा बोटांत वळून त्याची वात होते का पाहतात. ती विस्तवावर धरली आणि तडतडली तर पाणी शिल्लक आहे. आवाज न करता जळली आणि तेलावर फेस आला तर पाक झाला. तडतडणाऱ्या अवस्थेत उतरवलेले तेल थोड्याच दिवसांत खवट होते. घाईने मोठ्या आचेवर केले तर कल्क जळतो आणि तेलाला करपट वास लागतो. हे एका दुपारचे काम आहे आणि एका दुपारीच ते नीट होते.

तेलाचा आणखी एक उपयोग ग्रंथात नाही, पण नंदुरबारच्या मिरची वाळवण्याच्या पथारींवर तो रोजच्या गरजेचा आहे. ओल्या-सुक्या मिरचीत दिवसभर हात घालणाऱ्या बायांच्या बोटांची आग पाण्याने जात नाही, कारण मिरचीतील तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून आधी तेल चोळून पुसायचे आणि मग साबण लावायचा, हा क्रम योग्य. कामाला बसण्यापूर्वीच हातांना तेलाचा हात फिरवला तर त्रास आणखी कमी होतो.

न्हाणे

बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. अशा पाण्यात साबण फुटतो, त्याचा चिकट पांढरा साका केसांवर बसतो आणि केस ताठर होतात. शिकेकाई व रिठ्यातील फेस देणारे द्रव्य, सॅपोनिन, जड पाण्यात असा साका धरत नाही. या जुन्या वस्तू इथे टिकल्या त्यामागे हे धडधडीत कारण आहे. शिकेकाईच्या शेंगा, रिठ्याची टरफले, आवळकाठी आणि थोडी मेथी रात्री लोखंडी कढईत भिजत घालतात, सकाळी उकळून गाळतात. कढईतले पाणी सकाळी काळेभोर दिसते ते आवळ्यातील तुरट द्रव्य आणि लोखंड यांच्या संयोगाने. रिठा फार झाला तर केस कोरडे पडतात आणि डोळ्यांत गेला तर डोळे लालभडक होतात, म्हणून शेंगांच्या निम्म्याहून कमीच घ्यावा.

शिकेकाईला पैसे मोजावे लागत. हिंगणबेटाला लागत नसत. हिंगण हे कोरड्या माळावर आणि बांधावर येणारे काटेरी झाड. संस्कृतात इंगुदी किंवा तापसद्रुम, म्हणजे तापसांचे झाड. फळ खजुरापेक्षा थोडे मोठे, पिकले की पिवळसर, वर ठिसूळ साल, आत चिकट कडवट गर आणि मधोमध कठीण आठळी. गर पाण्यात कुस्करला की फेस येतो. कपडे, रेशीम आणि केस तिन्ही या फेसाने धुतले जात. झाड ओळखणारी माणसे आता कमी उरली आहेत आणि बांध रुंद करताना काटेरी म्हणून सर्वांत आधी हेच तोडले जाते, याचे फार वाईट वाटते.

पाण्याविषयी वाग्भटाचा नियम नेमका आहे : गरम पाणी मानेखालच्या अंगाला बळ देते, पण डोक्यावर घेतले तर केस आणि डोळे यांचे बळ हरते. डोक्यावरून न्हायचे तर पाणी कोमट असावे. दिवाळीतल्या अभ्यंगस्नानाचे उटणेही याच व्यवस्थेत बसते. हेमंत ऋतूत तेल आणि त्यानंतर चूर्ण चोळणे, म्हणजे उद्वर्तन, हा ऋतुचर्येचाच भाग. आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, गव्हला, मुलतानी माती ही त्याची नेहमीची घडण. त्वचा अगदी कोरडी असेल तर पाण्याऐवजी दुधात किंवा सायीत कालवावे.

लेप

अष्टांगहृदयात मुखलेपाची जाडी अंगुळाच्या चतुर्थांशापासून अर्ध्यापर्यंत दिली आहे, आणि एक सक्त सूचना : लेप वाळू द्यायचा नाही. वाळलेला लेप कांती बिघडवतो. काढताना तो आधी ओला करावा. लेप लावलेला असताना बोलू नये, दिवसा झोपू नये, ऊन व विस्तव टाळावा, रागावू नये. आज नेमके उलटे चालते. मुलतानी मातीचा थर तडकेपर्यंत ठेवतात आणि कातडी ओढली गेली की लेप लागू पडला असे समजतात. खानदेशच्या माणसाला याचा धोका दाखवायला त्याचे शेत पुरे. मुलतानी माती आणि कपाशीची काळी जमीन यांत पाणी पिऊन फुगणारी आणि वाळताना आकसणारी एकाच कुळातली चिकणमाती असते. एप्रिलमध्ये काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चेहऱ्यावर वाळणारी माती तीच ओढ त्वचेला लावते.

तारुण्यात तोंडावर येणाऱ्या पुटकुळ्यांना सुश्रुताने मुखदूषिका म्हटले आणि त्यांचे रूप शाल्मलीच्या काट्यांसारखे सांगितले. शाल्मली म्हणजे सातपुड्यात लाल फुलांनी ओळखू येणारी काटेसावर. तिच्या खोडावरचे शंकूसारखे काटे पाहिले की उपमा किती अचूक आहे ते कळते. अशा पुटकुळ्यांवर तेलकट लेप लावू नये, फोडू तर मुळीच नयेत. लोध्र, धणे आणि वेखंड यांचा पातळ लेप हा ग्रंथोक्त उपाय आहे.

चरकाने वर्ण्य म्हणून दहा द्रव्यांचा गट दिला आहे. त्यात चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, उपळसरी ही येतात. वर्ण्य म्हणजे गोरे करणारे नव्हे. ज्याचा जो वर्ण आहे तो निरोगी आणि तजेलदार दिसावा, एवढाच त्याचा अर्थ. उन्हात राबून सावळ्या झालेल्या मुलींना लग्न ठरताना गोरेपणाची मलमे विकली जातात आणि वेष्टनावर आयुर्वेदाचे नाव असते. त्या नावाला ग्रंथात आधार नाही.

पाय

शेतकऱ्याची खरी दुखणी पायात. फार चालणाऱ्याच्या कोरड्या तळव्यांत वायू भेगा पाडतो, त्यांना सुश्रुत पाददारी म्हणतो; आणि घाणेरड्या चिखलाच्या संसर्गाने बोटांच्या बेचक्या ओलसर होऊन खाज-आग सुटते, त्याला अलस. दुसरे म्हणजे आपल्या चिखल्या. पावसाळ्यात केळीच्या बागेत किंवा कपाशीच्या रानात दिवस काढणाऱ्याला दोन्ही माहीत आहेत. भेगांवर रात्री कोमट पाण्यात पाय बुडवून, पुसून, राळ, मेण आणि तीळतेल मंद आचेवर एकजीव करून केलेले मलम भरतात आणि जुन्या सुती फडक्याने बांधतात. चिखल्यांना मात्र तेलाचा थर उपयोगी नाही. बेचक्या कोरड्या ठेवणे हाच मुख्य उपचार, जोडीला कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्याने धुणे. मधुमेही माणसाने पायाची कोणतीही जखम घरी हाताळू नये.

सातपुडा

अक्कलकुवा, धडगाव, तोरणमाळ या पट्ट्यात मोहाचे झाड घरच्या माणसासारखे. उन्हाळ्याच्या तोंडी फुले आणि पावसाच्या सुरुवातीला बिया गोळा होतात. त्या बियांचे, म्हणजे टोळंबीचे, तेल खायला, दिव्याला आणि अंगाला चालते. थंडीत ते तुपासारखे थिजते आणि फुटलेल्या हातापायांवर तसेच चोळतात. करंजाचे तेल खरजेवर लावतात. हे ज्ञान जंगलात राहून कमावलेले आहे. त्याला सरसकट आयुर्वेदाच्या खात्यात टाकणे त्या समाजांवर अन्याय करणारे आहे.

जपायच्या गोष्टी

बिब्ब्याचा चीक त्वचा जाळतो. बावचीचा लेप लावून उन्हात गेले तर फोड येतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यासही तसेच चट्टे उठतात. कोरफडीचे पान कापल्यावर गळणारा पिवळा चीक आधी निथळू द्यावा, मगच गर घ्यावा. झटपट काळी रंगणारी मेंदी ही निव्वळ मेंदी नसते. तिच्यातील रसायनाने डोक्याची कातडी सुजलेली पाहायला मिळते. विकतच्या तेलावर औषध परवाना क्रमांक, घटक आणि मुदत छापलेली असावी. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असून तिथे स्पर्श कळत नसेल तर कोणताही लेप लावत बसू नये. तो कुष्ठरोग असू शकतो, आणि त्याची औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

माका आणि कडुनिंब गोळा करतानाही आता एक चौकशी करावी लागते. पाटाच्या कडेला आणि बांधावर तणनाशक फवारले जाते, आणि फवारल्यावर काही दिवस पाला हिरवाच दिसतो. ज्याचे रान असेल त्याला विचारूनच पाला तोडावा, नाहीतर घरच्या विहिरीच्या थारोळ्याशी माक्याची चार रोपे लावून घ्यावीत. ओल असली की ती आपोआप पसरतात.