कोयता (पुणे परिसरातील प्रकार व निवड)

कोयता : एका बाजूला धार, आखूड लाकडी मूठ आणि पुढे रुंद होत जाणारे पाते असलेले तोडणीचे हत्यार. विळा ओढून चालवतात, कुऱ्हाडीचा घाव घालतात, कोयता फटकारतात. धाकट्या आकाराला कोयती म्हणतात. लॅटिन अमेरिकेतली मॅचेटी, मलेशिया-इंडोनेशियातला पारांग, फिलिपिन्सचा बोलो, पूर्व आफ्रिकेतला पांगा आणि नेपाळची कुकरी ही त्याचीच भावंडे. मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला आहे. ऊसतोडीला आलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणतात, एकट्याला ‘अर्धा कोयता’. उचल म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कमही त्याच हिशोबाने दिली जाते. माणसे हत्याराच्या नावाने मोजली जातात, हे इतके अंगवळणी पडले आहे की बोलणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही.

‘चांगला कोयता कोणता?’ या प्रश्नाला पुणे जिल्ह्यात एक उत्तर देता येत नाही. पश्चिमेला ताम्हिणी घाटात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुणे शहरात ७०० च्या आसपास, तर पूर्वेला बारामती-इंदापुरात ५०० च्या घरात. शे-दीडशे किलोमीटरच्या या पट्ट्यात कारवी-बांबूचे रान, काटेरी माळ आणि उसाचे फड असे तीन वेगळे झाडोरे आहेत आणि तिन्हीकडचा कोयता वेगळा आहे. एका जागचा दुसरीकडे चालतो, पण हात भरून येतो.

पाते आणि वजन

निवडीचे मूळ सूत्र असे, की फटका बसताच जे वाकून सटकते त्याला वेग लागतो आणि जे जागेवर घट्ट उभे राहते त्याला वजन. गवत, कोवळ्या वेली, टणटणीचे शेंडे जड पात्यापुढे नुसते लवतात. त्यांना दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीचे, लांब, हलके पाते हवे. वाळलेली बाभूळ मात्र असले पाते चावून धरते. मग ते उपसून काढण्यातच वेळ जातो. तिथे पाठ जाड, पाते आखूड आणि वजन टोकाकडे असलेले हत्यार कामाचे.

लांबीचा मोह आवरावा. हात लांब केल्यासारखे वाटते खरे, पण दाट जाळीत दीड फुटी पाते मागे नेतानाच फांदीत अडकते. एकाच कोयत्यात सगळे बसवायचे असेल तर फूटभर लांब, मध्यम जाडीचे, टोकाकडे रुंदावणारे पाते घ्यावे. मनगटाहून जाड लाकडावर कोयता चालवणे ही हौस आहे, काम नव्हे. त्याला घडीची करवत बरी.

फडातला कोयता

उसाचा कोयता रुंद, पातळ आणि आखूड असतो. ऊस ताठ उभा आणि आतून रसाळ, त्यामुळे जाड पात्याची गरज नाही. शिवाय दिवसभरात हजारो फटके मारायचे असतात, तिथे छटाकभर वजनही संध्याकाळी खांद्यात उतरते. तोडणारा कमरेत वाकतो, डाव्या हाताने उसाला कवळ घालतो आणि फटका तिरका, अगदी मातीला लागून मारतो. साखर बुडख्याकडे जास्त साठलेली असते, त्यामुळे वर राहिलेला प्रत्येक इंच तोट्याचा. खालून छाटलेल्या बुडख्यातून खोडवाही, म्हणजे पुढच्या वर्षीचा फुटवा, नीट फुटतो. पुढे त्याच कोयत्याने पाचट म्हणजे वाळका पाला सोलायचा, वाढे म्हणजे शेंड्याकडची हिरवी पाने छाटायची आणि वाढ्यानेच मोळी बांधायची. या जमिनीलगतच्या तोडीची किंमत धार भरते. पाते मातीत आणि खड्यांत शिरते म्हणून कानस जवळ बाळगावी लागते, आणि फडाच्या बांधावर बसून धार लावणारी बाई हे हंगामातले नेहमीचे चित्र. हा कोयता घेऊन कुणी घाटात शिरले तर पहिल्याच वाळक्या खोडावर पात्याला पीळ पडेल.

घाटात आणि माळावर

मुळशी, वेल्हे, मावळ या भागांत आणि खाली कोकणात उतरताना कोयत्याचे टोक पुढे वळलेले दिसते, पक्ष्याच्या चोचीसारखे. ही चोच दोन कामे करते. वेल किंवा फांदी तिने ओढून जवळ घेता येते आणि खडकावर फटका चुकला तर धार वाचते. करवंदाची जाळी, चिल्हारीचे आकडेदार काटे, शिकेकाईचे वेल यांत हात न घालता काम होते ते तिच्यामुळे. कारवीच्या काठ्यांना हा कोयता हलक्या हाताने चालतो. याच काठ्यांचे कुड म्हणजे भिंती बांधून त्यावर शेणमाती लिंपायची जुनी पद्धत आहे. बांबूला मात्र आडवा फटका मारू नये. त्याची साल कठीण, पाते उसळून येते. तिरका मारावा आणि पेराच्या गाठीच्या लगेच वर तोडावे. मागे पोकळ नळी उरली तर तिच्यात पावसाचे पाणी साचून बुंधा कुजतो.

कोकणातला आणि घाटातला माणूस कोयता हातात धरून चालत नाही. कमरेला पाठीमागे लाकडाची किंवा लोखंडाची आकडी बांधतो आणि तिच्यात कोयता लटकवतो. दोन्ही हात मोकळे, पाते पाठीमागे आणि बसताना काढून ठेवले की झाले. बाजारात मिळणाऱ्या नायलॉनच्या म्यानांपेक्षा ही सोय प्रस्तुत लेखकाला उजवी वाटते, मात्र घसरणीच्या वाटेवर म्यानच सुरक्षित.

पूर्वेकडच्या माळावर प्रश्न काट्यांचा आहे. बोर, बाभूळ आणि सगळीकडे माजलेली वेडी बाभूळ यांच्या जवळ जाता येत नाही, म्हणून तिथे दांडा लांब हवा. वेड्या बाभळीचे लाकूड कठीण. तिच्या फांद्या जड कोयत्याने उतरवाव्यात, बुंधा कुऱ्हाडीवर सोपवावा. शहरातल्या टेकड्यांवर वणवा रोखायला गवत काढायचे असेल तर कोयत्यापेक्षा विळा कमी दमवतो.

रस्त्यावरच्या शहाळेवाल्याचा कोयता हा वेगळाच प्रकार. जड, रुंद, वस्तऱ्यासारख्या धारेचा. तीन-चार फटक्यांत शहाळ्याचे तोंड उघडते ते वजनामुळे, जोरामुळे नव्हे. खाटकाचा सत्तूर त्याचा चुलतभाऊ, पण त्याला रानात काही काम नाही.

परदेशी मॅचेटी आता पुण्यात साहसी खेळांच्या सामानाबरोबर सहज मिळते. या प्रकाराचा प्रसार करण्यात अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात १८२६ साली सुरू झालेल्या कॉलिन्स कंपनीचा मोठा हात होता. तिची पाती लॅटिन अमेरिकेच्या मळ्यांत गेली. लांब, पातळ लॅटिन मॅचेटी सततच्या हिरव्या झाडोऱ्यासाठी आहे. आपल्याकडे ती पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत छान चालते, फाल्गुनात रान वाळले की हात मोडते. पारांग आणि कुकरी वाळल्या लाकडाला बऱ्या. करवतीचे दाते पाडलेली पाठ दिसायला दणकट, कापायला निरुपयोगी.

घेताना

तयार कोयता रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा कुठल्याही आठवडी बाजारात मिळतो. मनासारखा हवा असेल तर लोहाराकडे किंवा रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याकडे जावे. कच्चा माल बहुतेकदा ट्रकच्या कमानीचा जुना पाटा. पोलाद चांगले आणि त्यात पुरेसा कार्बन, म्हणून त्याला पाणी, म्हणजे धारेला लागणारा कडकपणा, नीट बसते. पुरुष सांडशीत पाते धरून छोट्या हातोडीने जागा दाखवतो आणि समोर उभी बायको घण घालते. ठाक-ठण, ठाक-ठण अशी ती लय लांबून ओळखू येते. पाते घडले की पाणी पाजण्याची वेळ. लालभडक पात्याची फक्त धारेकडची बाजू पाण्यात धरतात, पाठ गरमच ठेवतात. मग उरलेली धग पाठीकडून धारेकडे सरकते. घासून पांढऱ्या केलेल्या पट्टीवर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग चढतो. मनासारखा रंग धारेला पोचला की पुन्हा पाण्यात. क्षणभर उशीर झाला तर धार मऊ राहून वळते, घाई झाली तर ठिसूळ होऊन तिला खांडे पडतात. गिऱ्हाईकाने याची परीक्षा कानशीने करावी. कानस धारेवरून नुसती घसरत असेल तर पाते फार कडक, लोण्यासारखी खात असेल तर फार मऊ. किंचित रेटून चावली तर ठीक.

पात्याएवढेच मुठीकडे पाहावे. शेपटीचा लोखंडी भाग मुठीत आरपार गेलेला आणि मागे वळवून ठोकलेला असावा, पुढे कडी घट्ट असावी. बाभळीची मूठ टिकते. उन्हाळ्यात लाकूड आकसून ती हलू लागली तर कोयता रात्रभर पाण्यात ठेवण्याचा तोडगा आहे, पण तो तात्पुरता. मूठ सुटून पाते उडणे हाच या हत्याराचा सर्वांत वाईट अपघात. दुसरा म्हणजे फटका निसटून पुढच्या पायाच्या नडगीवर येणे. म्हणून फटका अंगाबाहेरच्या दिशेने मारावा आणि शेजारच्याने दोन कोयत्यांइतके तरी अंतर ठेवावे.

कायदा आणि शहर

शस्त्र नियम, २०१६ च्या अनुसूचीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली त्यातून वगळली आहेत. कोयता या वगळण्यात बसतो, पण तो शेतात असताना. रात्री दुचाकीवर, कमरेला खोचलेला कोयता शेतीचे अवजार आहे हे पटवणे अवघड. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली शहरात शस्त्रबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात आणि ते मोडल्यास कलम १३५ लागते. २०२२ च्या अखेरीपासून पुण्यातल्या वर्तमानपत्रांत कोयते नाचवून दहशत माजवणाऱ्या टोळक्यांसाठी ‘कोयता गँग’ हा शब्द रुळला. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भर दिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला, तेव्हा वाटेने जाणाऱ्या तरुणांनी तिला वाचवले. विक्रेत्यांनी कोयता घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहून नोंद ठेवावी, अशी पावले पोलिसांनी उचलली. याचा भुर्दंड खऱ्या शेतकऱ्यालाही बसतो. कोयता विकत घेतला की पावती घ्यावी आणि तो गोणपाटात गुंडाळून डिकीत न्यावा.

ट्रेकला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. भीमाशंकर (१९८५), मयुरेश्वर-सुपे (१९९७) आणि ताम्हिणी (२०१३) ही अभयारण्ये आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय तिथे शस्त्र घेऊन शिरता येत नाही. राखीव वनात झाडे तोडणे हा गुन्हाच, आणि देवराईत तर गावकरी वाळकी काटकीही उचलत नाहीत. मळलेल्या वाटांवर कोयत्याची गरज पडत नाही. गडांवर तटबंदीत रुजलेले पिंपळ-उंबर काढणाऱ्या दुर्गसंवर्धन गटांना तो लागतो, पण ते काम संबंधित खात्याच्या परवानगीने होते.

निगा

काम संपले की उसाचा रस किंवा झाडाचा चीक लगेच धुवावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पात्यावर काळे-तांबडे डाग पडतात. पुसून कोणत्याही तेलाचे बोट फिरवावे. धार कानशीने एका दिशेने लावावी आणि शेवटी दगडावर दोन हात मारावेत. वीजयंत्राच्या चाकावर पाते निळे पडेपर्यंत घासले की त्याचे पाणी उतरते आणि मग पुन्हा लोहाराकडे जाण्यावाचून इलाज नाही. चामड्याच्या म्यानात कायमचा ठेवू नये. चामडे ओल धरते. खंडेनवमीला धुऊन, हळद-कुंकू आणि झेंडूचे फूल वाहून कोयता पूजेला मांडतात. त्या दिवशी त्याने काही तोडत नाहीत. ऊसतोड करणाऱ्यांच्या घरी त्यानंतर थोड्याच दिवसांत बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरायला लागतात.