आठ मिलिमीटरची पट्टी

3 जानेवारी 2023. लंडनमधल्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये व्यावसायिक डार्ट्सच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना चालू होता. या खेळात गोल फलकावर छोटे बाण फेकून 501 गुण शून्यावर आणायचे असतात, आणि असा एक डाव कमीत कमी नऊ बाणांत संपतो. नेदरलँड्सच्या मायकेल व्हॅन गर्वनचे आठ बाण अचूक लागले होते, नववा मात्र दुहेरी 12च्या, म्हणजे 12चे दुप्पट गुण देणाऱ्या, घरातून थोडक्यात हुकला. लगेच इंग्लंडचा मायकेल स्मिथ रेषेवर आला. त्याच डावात त्याचेही सहा बाण अचूक गेलेले होते आणि 141 गुण उरले होते. तिहेरी 20, तिहेरी 19, दुहेरी 12 असे तीन बाण मारून त्याने डाव संपवला आणि पुढे 7-4 ने विजेतेपदही घेतलं. तो डाव मी आजवर कितीदा पाहिला, त्याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी पडणारा प्रश्न एकच: माणसाच्या हाताला हे जमतं कसं?

आधी मापं पाहू. खेळाडू फलकापासून 2.37 मीटरवर उभा राहतो आणि फलकाचा मध्य जमिनीपासून 1.73 मीटर उंचीवर असतो. तिहेरी गुणांचं कडं रुंदीला अवघं 8 मिलिमीटर. त्यातलं 20चं घर म्हणजे सुमारे 32 मिलिमीटर लांब आणि 8 मिलिमीटर उंच अशी वाकडी पट्टी. आपल्या करंगळीच्या नखाहूनही ती अरुंद असते.

बाण सरळ रेषेत जात नाही. पुढे झुकलेल्या खेळाडूच्या हातातून तो सुटतो तेव्हा फलक साधारण 2 मीटरवर असतो. वेग सेकंदाला 6 मीटर धरला, तर प्रवासाला लागतो सेकंदाचा एक तृतीयांश भाग. तेवढ्यात गुरुत्वाकर्षण त्याला 54 सेंटिमीटर, म्हणजे पावणेदोन फूट खाली ओढतं. म्हणून बाण वरच्या दिशेने फेकावा लागतो आणि कमान घेत तो फलकाकडे येतो. हे 54 सेंटिमीटर वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतात. त्यामुळे वेगात फक्त एक टक्का चूक झाली, तरी बाण सेंटिमीटरभर वर किंवा खाली लागतो. पट्टी आठ मिलिमीटरची, म्हणजे तेवढ्यानेच घर हुकलं.

बोटं सुटण्याची वेळ याहून अवघड. कोपराभोवती पुढचा हात फिरतो तेव्हा बोटं कमानीवरून जात असतात, आणि त्यांची दिशा क्षणोक्षणी बदलत असते. साधा हिशेब केला, तर एक मिलिसेकंद लवकर किंवा उशिरा सोडलेला बाण नुसत्या दिशेच्या फरकामुळे तीनेक सेंटिमीटर भरकटायला हवा. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. एवढा काटेकोरपणा रोज, शेकडो लोकांच्या आरडाओरड्यात, कुणाचे मज्जातंतू पाळणार?

जपानमधल्या संशोधकांनी 2014 मध्ये निष्णात खेळाडूंच्या हाताच्या हालचाली मोजल्या, तेव्हा दोन तऱ्हा दिसल्या. काहींचं बाण सोडण्याचं टायमिंगच विलक्षण पक्कं होतं. इतरांचं तसं नव्हतं, पण त्यांचा हात अशा मार्गाने जात होता की बाण थोडा आधी सुटला काय किंवा नंतर, तो लक्ष्याच्या आसपासच पोचावा. घटकाभर विचार करा, केवढी सुंदर गोष्ट आहे ही! वर्षानुवर्षांच्या सरावाने शरीराने अशी वाट शोधली, जिथे एक चूक दुसरीला फेडून टाकते. हे गणित त्या खेळाडूला कुणी शिकवलेलं नसतं.

साहित्याचीही साथ असते. चांगल्या बाणाचा मधला भाग टंगस्टनच्या मिश्रधातूचा असतो. त्याची घनता पितळेच्या जवळपास दुप्पट, म्हणून तेवढ्याच वजनाचा बाण बारीक करता येतो आणि तीन बाण त्या चिंचोळ्या घरात शेजारी शेजारी मावतात. मागचे पंख हवेला अडवतात. वजन पुढे आणि हवेचा रेटा मागे, त्यामुळे तिरका झालेला बाण वातकुक्कुटासारखा सरळ होतो. फलक लागतो सिसलच्या धाग्यांचा. सिसल म्हणजे घायपाताचंच भावंड. आपल्याकडे बांधावरच्या घायपाताच्या वाखाचे दोर वळत, तसलाच हा चिवट धागा. त्याच्या दाबून बसवलेल्या जुडग्यांत टोक शिरतं तेव्हा तंतू तुटत नाहीत, बाजूला सरतात, आणि बाण उपसला की पुन्हा मिटतात.

घरी खेळणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. 20च्या दोन्ही बाजूंना 5 आणि 1 आहेत, म्हणजे नेम चुकला की शिक्षा. 19च्या शेजारी 7 आणि 3. स्टॅनफर्डच्या संख्याशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये याचा हिशेब मांडला. ज्यांचे बाण लक्ष्याभोवती साधारण 16-17 मिलिमीटरपेक्षा जास्त विखुरतात, त्यांनी तिहेरी 19वर नेम धरावा. नेम आणखी कच्चा असेल, तर मध्याच्या किंचित डाव्या बाजूला. आपल्यापैकी बहुतेक जण सवयीने 20च्या मागे लागतात आणि गुण घालवतात.

हे सगळं ज्या हातावर उभं आहे, तो कधीकधी दगा देतो. पाच वेळा जगज्जेता ठरलेल्या एरिक ब्रिस्टोची बोटं 1980च्या दशकात ऐन फेकीच्या क्षणी उघडेनात. बाण हातात, नजर नेमावर, पण बोटं सुटत नव्हती. खेळाडू याला ‘डार्टायटिस’ म्हणतात. गोल्फपटूंच्या हाताला असाच अचानक झटका बसतो, आणि काही वादकांची किंवा लिहिणाऱ्यांची बोटंही ऐनवेळी आवळतात. त्यातल्या काहींमध्ये मेंदूकडून स्नायूंना जाणारे आदेशच गोंधळलेले असतात. धास्तीने ते आणखी बिघडतात.

ब्रिस्टोने झगडून खेळ पुष्कळसा परत मिळवला, पण जगज्जेतेपद पुन्हा आलं नाही. 1990च्या अंतिम सामन्यात त्याला 6-1 ने हरवलं ते फिल टेलरने. याच टेलरला ब्रिस्टोने स्वतःच्या पैशाने खेळात उभं केलं होतं. टेलरने एकूण 16 जगज्जेतेपदं जिंकली.